लॉट परत आला पाहिजे

यंदा शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत आमच्या मंडळाच्या रथापुढे एक जोंगा होती, म्हणजे सैन्यासाठी बनलेली जुनी जीपसारखी गाडी. लष्कराच्या लिलावात कुणीतरी घेतलेली, चार हात फिरून आलेली, आणि पेट्रोल परवडेना म्हणून केव्हाच मॅटाडोरचं डिझेल इंजिन पोटात घालून घेतलेली. रात्रभर ढोल-ताशांपुढे मुंगीच्या पावलांनी चालली आणि पहाटे कपिलेश्वर पुलाच्या अलीकडे बसली ती बसलीच. ढकलणाऱ्यांत आमचे मेजर होते. मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून उतरलेले. पण बेळगावात पेन्शनीत आलेला प्रत्येक जण मेजरच. आणि उद्यमबागेत फौंड्री असलेले एक मालक होते. मालक धापा टाकत म्हणाले, "सरकारने बनवलेली गाडी. दुसरं काय होणार?" मेजरनी गाडीवरचा हातच काढून घेतला. "ह्याच गाडीतनं मी द्रासला रेशन चढवलंय, मालक. बंद पडलंय ते तुमच्या खाजगी कंपनीचं इंजिन." शेवटी रथाचा ट्रॅक्टर सोडून जोंगा बाजूला ओढावी लागली. वाद मात्र तिथेच रस्त्यात राहिला, आणि आता तो कॅम्पातल्या चहाच्या गाड्यावर रोज नव्याने सुरू होतो.

वाद जुनाच आहे. एक बाजू म्हणते, गाड्या बनवणं हे सरकारचं काम नाही. जोंगा गेली, लखनौची स्कूटर गेली, एचएमटीची घड्याळं गेली, आणखी पुरावा कसला हवा? दुसरी म्हणते, गेली नाहीत, घालवली. चालते कारखाने आधी उपाशी ठेवले आणि मग मेले म्हणून विकले. दोघांच्याही खिशात नावांची यादी आहे आणि दोघंही आपल्या सोयीची नावं तेवढी मोठ्याने वाचतात. माझं म्हणणं असं की मालक सरकार आहे की शेठ, यावरून गाडीचं बरंवाईट ठरतच नाही. ते ठरतं घेणाऱ्यावरून. घेणाऱ्याला 'ही नको' म्हणता येतं का, आणि ते 'नको' कारखान्याच्या दारापर्यंत पोचतं का? मी पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यांचे नमुने, बनवणारा माणूस. ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, निघालेला कास्टिंगचा लॉट गिऱ्हाइकाने परत पाठवला की फौंड्रीत कशी शांतता पसरते ते मी पाहिलेलं आहे. त्या दिवशी कुणी मालकी हक्कावर बोलत नाही. वाळू तपासतात, ओतण्याचं तापमान तपासतात, आणि पॅटर्नवाल्यालाही बोलावणं येतं.

जोंगाबद्दल प्रेमाने बोलणारेही तिची गोष्ट अर्धीच सांगतात. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या लांबलचक नावाच्या अक्षरांतून हे नाव निघालं. मूळ गाडी निस्सान कंपनीची पॅट्रोल. १९६९ मध्ये जबलपूरला व्हेइकल फॅक्टरी उभी राहिली. शक्तिमान ट्रक, निस्सानची वन टन आणि ही जोंगा, असं सैन्याचं अर्धं दळणवळण तिथून निघायचं. सहा सिलिंडरचं जवळपास चार लिटरचं पेट्रोल इंजिन, जाड पत्रा, जाड चासी. पहाडात ती चढायची, हे मेजरांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण निस्सानने स्वतःच्या देशात ही मालिका १९८० मध्ये संपवून नवी आणली, आणि जबलपूर मात्र १९९९ पर्यंत तीच काढत राहिलं. मधल्या काळात जगभरच्या गाड्या हलक्या झाल्या, कमी तेल पिऊ लागल्या, त्यांना डिझेल इंजिनं आली. जबलपूरला हे दिसत नव्हतं? तिथल्या कारागिरांच्या हातात कला कमी होती? अजिबात नाही. पण कारखाना संरक्षण मंत्रालयाचा आणि गिऱ्हाईकही संरक्षण मंत्रालयाचंच. बाप शेतात पिकवतो आणि आई तेच रांधते, त्या घरात भाजीला नावं ठेवणार कोण? मी मेजरना विचारलं, गाडीत दोष निघाला तर तुम्ही काय करायचा? ते म्हणाले, "फॉर्म होता की. तो भरून पाठवायचा." मग? "मग दुसरा फॉर्म यायचा."

१९९६ च्या सुमारास जोंगा नागरी बाजारात आणायचा एक प्रयत्न झाला, हिनोच्या बनावटीचं डिझेल इंजिन घालून. फारच थोड्या गाड्या खपल्या आणि प्रयत्न लवकरच गुंडाळला गेला. पहिल्यांदाच कुणीतरी 'नको' म्हणालं होतं, आणि ते ऐकायची सवय नसल्यामुळे कारखान्याने गाडी सुधारण्याऐवजी दुकान बंद केलं. विकायला गाडी हवी तशी एजन्सी हवी, गावोगावी सुटे भाग हवेत, खानापूरच्या मेकॅनिकला क्लच प्लेट कुठे मिळेल हे माहीत हवं. सत्तावीस वर्षं एकाच दाराशी माल पोचवणाऱ्याला हे एका वर्षात कुठून येणार?

आणि जोंगाची जागा कुणी घेतली? मारुती जिप्सीने. जिप्सी १९८५ ची. त्या वेळी मारुती उद्योग ही सरकारी कंपनी होती. सुझुकीचा वाटा सुरुवातीला २६ टक्के आणि १९९२ मध्ये कुठे ५० टक्क्यांवर गेला. म्हणजे सरकारी गाडीला घरी बसवलं ते दुसऱ्या सरकारी कारखान्यात जन्मलेल्या गाडीने. या एका गोष्टीने आमच्या चहाच्या गाड्यावरचे दोन्ही पक्ष अडचणीत यायला हवेत. येत नाहीत, कारण मालक जिप्सीला 'सुझुकीची' म्हणतात आणि मेजर तिला 'आमची' म्हणतात.

मेजरांच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आधी मान्य करतो. सैन्याची गरज म्हणजे भाजीबाजार नव्हे. युद्ध उभं राहिलं की तुम्ही नंतर या असं कुणी म्हणून चालत नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच, १९४८ मध्ये, काश्मीरची लढाई चालू असताना लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी परदेशी कंपनीशी जीपगाड्यांचा सौदा केला. किंमत ८० लाखांची. प्रत्यक्षात बंदरात उतरल्या १५५ गाड्या, त्याही सैन्याच्या कामाच्या नव्हेत. स्वतंत्र भारतातला पहिला मोठा घोटाळा म्हणून तो गाजला. पुढे हेच मेनन संरक्षणमंत्री असताना जर्मनीच्या मान कंपनीशी करार होऊन जबलपूरला शक्तिमान ट्रक बनू लागला. दुसऱ्याच्या दारात हात पसरायची पाळी येऊ नये, हा त्यामागचा विचार मला आजही पटतो. म्हणून सरकारचा कारखाना असावा की नसावा, या वादात मी 'असू दे' म्हणणाऱ्यांतला आहे. पण कारखाना असणं वेगळं आणि सैन्याला दुसरीकडे बघायची बंदी असणं वेगळं. पहिल्या गोष्टीसाठी दिलेली कारणं आपण तीस वर्षं दुसऱ्या गोष्टीसाठी वापरली.

आता मालकांचा मुद्दा. तोही हलका नाही. ते म्हणतात, सरकारी कारखान्याला तोट्याची भीती नसते, कारण भरणारी तिजोरी परक्याची असते. याला लखनौच्या स्कूटर्स इंडियाइतकं चांगलं उदाहरण नाही. १९७२ मध्ये ही कंपनी निघाली. इटलीतल्या इनोचेंतीचा लँब्रेटा बनवणारा कारखाना यंत्रांसकट उचलून आणला आणि १९७५ पासून गाड्या निघू लागल्या. इथे तर गिऱ्हाईक उघड्या बाजारातलं होतं. त्याने 'नको' म्हटलंही. चेतकसाठी वर्षानुवर्षं रांगेत उभा राहिला, पण लखनौच्या विजय सुपर स्कूटरकडे वळला नाही. स्कूटर १९९७ मध्ये थांबली, तीनचाकी विक्रम चालू राहिली, २०१३ मध्ये पुनरुज्जीवनाचं पॅकेजही मिळालं, आणि २०२१ मध्ये केंद्राने कुलूप लावायचा निर्णय घेतला. लॉट परत येत होता, पण दारातच कुणीतरी त्याचे पैसे चुकते करून टाकत होतं. एवढ्यापुरतं मालकांचं म्हणणं मी जसंच्या तसं घेतो. म्हणूनच वर म्हटलं, 'नको' नुसतं म्हणता येऊन भागत नाही, ते ऐकूही यावं लागतं.

पण मग खाजगीचं काय? अँबेसेडर कुणाची होती? बिर्लांची. १९५७ पासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्याहून ती निघत राहिली, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्या सत्तावन्न वर्षांत जाळी आणि दिवे यांपलीकडे फारसा फरक कळला नसता. तिचं मोठं गिऱ्हाईक कोण? सरकारच, प्रत्येक कलेक्टर, प्रत्येक मंत्री. म्हणजे मालक खाजगी, गिऱ्हाईक बांधलेलं, आणि गाडी जोंगाच्याच वाटेने गेलेली. आणि चेतकसाठी दहा-दहा वर्षांचा नंबर लावणारी माणसं काय हौसेने थांबली होती? लायसन्स-परमिटच्या काळात गिऱ्हाइकाला दुसरं धड दारच नव्हतं. आमच्या घरी सातारच्या महाराष्ट्र स्कूटर्सची प्रिया होती. राज्याच्या पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळाने आणि बजाजने मिळून काढलेली कंपनी. नात्यातल्या कुणाचा नंबर लागला, त्यांना नको होती, म्हणून आमच्याकडे आली. त्या काळी 'नको' या शब्दाची किंमत एवढीच होती की त्यावर कुणीतरी प्रीमियम घ्यायचं.

याच्या उलट एक शर्यत झाली, ती फारशी कुणाला आठवत नाही. १९८० च्या दशकाच्या मध्याला हलक्या मालगाड्यांसाठी चार जपानी कंपन्या भारतात आल्या. आयशर-मित्सुबिशी आणि डीसीएम-टोयोटा खाजगी. स्वराज-माझदामागे पंजाबच्या औद्योगिक महामंडळाने उभी केलेली पंजाब ट्रॅक्टर्स. आणि ऑल्विन-निस्सान आंध्र सरकारची; निजामाच्या काळात, १९४२ ला सुरू झालेली, फ्रीज आणि बसच्या बॉडी बांधणारी हैदराबादची ऑल्विन, तिने बिदरशेजारी झहीराबादला गाड्यांचा कारखाना टाकला. चौघांचंही गणित जपानी सुट्या भागांवर, आणि १९८५ नंतर येन असा चढला की ते भागच महाग झाले. त्यात १९८६ ला टेल्कोने, म्हणजे टाटांच्या कंपनीने, ४०७ आणली. तिचं बहुतेक काही इथेच बनलेलं, आणि चालवणारा कसा गाडी भरतो हे ओळखून बनवलेलं. बेळगावची भाजी घेऊन चोर्ला घाट उतरून गोव्याला जाणारी गाडी कुठली, हे इथल्या कुणालाही विचारा. ऑल्विन-निस्सान काही वर्षांतच महिंद्राकडे गेली. सरकारी होती म्हणून, असं मालक म्हणणार. पण डीसीएम-टोयोटाही टिकली नाही, आणि ती तर अस्सल खाजगी. टिकल्या त्या आयशर आणि स्वराज, एक खाजगी आणि एक सरकारच्या कुशीत वाढलेली. मालकी हा निकष लावला तर या शर्यतीचा निकाल लागतच नाही.

स्वराजचं नाव निघालंच आहे तर सांगतो. पहाटे जोंगाला ओढणारा तो ट्रॅक्टर स्वराजच होता. दुर्गापूरच्या सरकारी संशोधन संस्थेत त्याचा आराखडा झाला, पंजाब सरकारच्या महामंडळाने कंपनी काढली, १९७४ ला मोहालीहून ट्रॅक्टर निघाला, आणि मागे परदेशी कंपनी एकही नाही. पण हा ट्रॅक्टर विकायचा होता पंजाबातल्या शेतकऱ्याला, ज्याच्यापुढे मॅसी, फोर्ड, एस्कॉर्ट्स उभे होते. तो शेतकरी सरकारी माल म्हणून दया दाखवणार नव्हता. पुढे सरकारने आपला हिस्सा विकला आणि आज कंपनी महिंद्राची आहे, तीही चांगली चालते. आमच्या कर्नाटक सरकारचा मैसूर सँडल साबण शंभर वर्षांनंतरही खपतो, तेही साबणाच्या दुकानात दुसरे पन्नास साबण मांडलेले असताना. यात 'सरकारी असूनही' असं काही नाही आणि 'सरकारी म्हणून' असंही काही नाही.

मारुतीला मिळालेल्या सवलती मी लपवत नाही. १९८१ ला ही कंपनी सरकारने काढली तेव्हा तिच्यासाठी आयात शुल्कापासून जमिनीपर्यंत सगळं सैल केलं गेलं. अँबेसेडर आणि पद्मिनीला ते कधी मिळालं नव्हतं. मालक म्हणून सरकारने ढवळाढवळही केली. १९९७ मध्ये व्यवस्थापकीय संचालक कुणी नेमायचा यावरून सरकार आणि सुझुकी आंतरराष्ट्रीय लवादापर्यंत भांडले. तरी ती चालली, कारण त्या घरात 'नको' म्हणणारा एक परका माणूस पहिल्या दिवसापासून बसवलेला होता. भारतात बनलेला भाग जपानी माणसाने हातात घेऊन परत ठेवला की तो परतच यायचा. आमच्या उद्यमबागेतल्या लोकांनी पुढे गाड्यांच्या कंपन्यांकडून मोजमापाची जी शिस्त खाल्ली, तिची सुरुवात अशीच परत आलेल्या मालातून झाली आहे.

विकलं की सुधारतं, यावर मालकांची श्रद्धा आहे. त्यांना मी रोमानियाची गोष्ट सांगितली. एकाच जिल्ह्यात दोन सरकारी कारखाने: कंपुलुंगचा आरो, जो १९५७ पासून जीपसारख्या गाड्या काढून देशोदेशी विकत होता, आणि मिओवेनीचा दाचिया. दाचिया १९९९ ला रेनॉने घेतली. तिची लोगान पुढे महिंद्राने नाशकात बनवली, व्हेरिटो म्हणून आपण टॅक्सीत बसलो ती हीच. आरो २००३ मध्ये एका अमेरिकन कंपनीला विकली, आणि २००६ ला ती दिवाळखोरीत गेली. दोघी विकल्याच होत्या. एकीला गाड्या बनवणाऱ्याने घेतलं होतं, एवढाच फरक. गंमत म्हणजे आरोची एक छोटी गाडी इंग्लंडात दाचिया डस्टर या नावाने विकली जायची. नाव उरलं, कारखाना उरला नाही.

पण इतकं लांब कशाला जायचं? या वादाचं उत्तर बेळगावात सव्वाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं आहे. याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे लक्ष्मणराव किर्लोस्कर. १८८८ ला त्यांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. नांगर कुणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढतं, असं शेतकरी म्हणत. पहिला नांगर विकायला दोनेक वर्षं गेली असं सांगतात. आज आपण हसतो त्या शेतकऱ्याला, पण त्याचा धाक लक्षात घ्या. त्याची वर्षाची भाकरी त्या मातीत होती. तो कुणाच्या स्वदेशीखातर नांगर घेणार नव्हता. त्यातच नगरपालिकेला ठळकवाडीत, आजच्या टिळकवाडीत, वसाहत करायची म्हणून कारखान्याला जागा सोडावी लागली. या माणसाला गावाबाहेर घालवणारं गावही आमचंच, हे आम्ही भाषणात कमी सांगतो. तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी पुढे आले. कुंडलजवळ माळरान दिलं, दहा हजारांचं कर्ज दिलं, आणि १९१० ला किर्लोस्करवाडी उभी राहिली. बघा, राज्यसंस्था इथे आहेच. तिच्याशिवाय हा कारखाना उभा राहिला नसता. पण औंधच्या राजाने काय केलं नाही, तेही बघा. संस्थानातल्या प्रत्येक पाटलाने किर्लोस्करांचाच नांगर घ्यावा असा हुकूम काढला नाही. काढला असता तर? पहिल्याच वर्षी सगळा माल उठला असता, आणि पुढच्या तीस वर्षांत नांगराचा फाळ एक सूतभरही बदलला नसता. मालक किर्लोस्करांचं नाव खाजगी उद्योगाचा पुरावा म्हणून घेतात. मेजर औंधचं नाव सरकारी आधाराचा पुरावा म्हणून घेऊ शकतील. मला मात्र त्या गोष्टीत आठवतो तो नांगर नाकारणारा शेतकरी.

हे सगळं आज का काढायचं? १ ऑक्टोबर २०२१ ला सैन्याचे सरकारी कारखाने चालवणारं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या केल्या; जबलपूरची व्हेइकल फॅक्टरी आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये गेली. कामगार संघटना म्हणाल्या, ही विक्रीची पहिली पायरी. सरकार म्हणालं, आता कार्यक्षमता येईल. पाटी बदलली, ताळेबंद आला. पण मालक केंद्र सरकारच आणि मुख्य गिऱ्हाईकही तेच. जिप्सीची जागा घ्यायला सैन्याने टाटाची सफारी आणि महिंद्राची स्कॉर्पिओ यांची चाचणी लावली आणि २०१७ मध्ये ३१९२ सफारींची ऑर्डर दिली. दोन गाड्या डोंगरात, वाळवंटात पळवायच्या आणि एकीला 'नको' म्हणायचं, हे आता सैन्याला येतं. मग जबलपूरची एखादी गाडी त्या शेवटच्या जोडीत का नव्हती? विचारायचा प्रश्न हा आहे. त्याचं उत्तर 'विका' हेही नाही आणि 'राखा' हेही नाही. कारखान्याला चाचणीत उतरू द्या, हरली तर हरू द्या, आणि हरलेली गाडी घेऊन त्याच लोकांना पुढच्या चाचणीला परत येऊ द्या, इतकं साधं आहे. त्यासाठी आराखडा काढणाऱ्या विभागावर पैसा खर्च करावा लागेल आणि पहिली दोन-तीन वर्षं हसं होईल. किर्लोस्करांचंही झालं होतं.

हे मी परवा चहाच्या गाड्यावर मांडलं तेव्हा मालक म्हणाले, "एकाच गिऱ्हाइकावर जगणारा कारखाना म्हणजे सरकारीच." मी त्यांना विचारलं, तुमच्या फौंड्रीचा किती माल एका कंपनीला जातो? तो आकडा मला माहीत आहे, कारण त्याचे पॅटर्न मीच केलेत. मेजर त्यांच्याकडे बघत राहिले. मालकांनी जोंगाचा विषय काढला: तिचं मूळ पेट्रोल इंजिन लिलावाच्या मालात कुठे मिळतंय का ते बघायचं आहे, पुढच्या शिवजयंतीच्या आत.